आबांचे जंतू

१

मंदाकिनी टिपणीस यांच्या हिरड्यांत तीन जातींचे वाईट जंतू 'भरपूर' आहेत, ही बातमी रविवारी दुपारी त्रेचाळीस लोकांना एकदम कळली. सुधीररावांना ठाण्याच्या लॅबचा रिपोर्ट फक्त बायकोला पाठवायचा होता. बोट घसरलं आणि रिपोर्ट गेला 'टिपणीस परिवार, फक्त महत्त्वाचे' या ग्रुपवर. चार मिनिटांत कॅनडातल्या भाच्यानं हात जोडले. बदलापूरच्या मावससासूबाईंनी मिठाच्या गुळण्या सुचवल्या. आणि समोरच्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या धाकट्या जाऊबाईंनी, म्हणजे विनितानं, काही न लिहिता एक पिवळं फूल पाठवलं.

रिपोर्ट मंदाकिनीबाईंनी पचवला असता. फूल पचेना.

कारण टिपणिसांकडे दात म्हणजे मंदाकिनीबाई. वय बासष्ट, पण घरातल्या प्रत्येक लग्नात फोटोग्राफर त्यांनाच पुढे बसवणार. दिवसातून तीनदा ब्रश, जेवणानंतर दातांत दोरा. आणि विनिता? ती पेरूला चावली की पेरू तांबडा, मग तो कुठल्याही जातीचा असो. मंगळवारी दोघींनी एकाच दवाखान्यात, एकीमागून एकीनं हिरड्यांचं सॅम्पल दिलेलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला तो एकच. विनिताचा रिपोर्ट गायब.

सोमवारी सकाळी मंदाकिनीबाई डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरच्या डॉ. हेमांगीच्या दवाखान्यात शिरल्या त्या चपला न काढताच. आत खुर्चीवर राजरत्न शेजवळ तोंड उघडं टाकून पडलेले. हा माणूस वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेला. तीस वर्षं ठाणे जिल्ह्यातल्या वाण्यांचे काटे तपासले, त्यात अर्ध्या वाण्यांना घाम फोडला. आता मात्र त्यांच्या तोंडात आरसा, कापूस आणि थुंकी ओढणारी नळी एवढा ऐवज होता. त्यामुळे पुढची तीन मिनिटं त्यांना सगळं ऐकू आलं आणि काहीच विचारता आलं नाही. इन्स्पेक्टरला याहून मोठी शिक्षा नाही.

मंदाकिनीबाईंचं म्हणणं सरळ होतं. हे जंतू विनिताचे. सातबाऱ्यावर चढवावेत तसे ते कोणीतरी त्यांच्या नावावर चढवले. कोणी, तर समोर नळी धरून उभ्या असलेल्या अमृतानं. अमृताच्या मुलीला विनिता स्कॉलरशिपचं गणित फुकट शिकवते, हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. त्याची ही परतफेड.

"शनिवारपर्यंत हिला काढा, डॉक्टर," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "नाहीतर मी महिला मंडळात बोलेन. तीनशे बायका आहेत. प्रत्येकीला हिरड्या आहेत."

अमृता या दवाखान्यात नऊ वर्षं होती. घरात पगार तिचा एकटीचा. तिचा हात हलला नाही, पण लक्ष हललं, आणि नळी राजरत्नांच्या जिभेला घट्ट चिकटली. ती सोडवताना आवाज असा झाला की मंदाकिनीबाई दोन पावलं मागे सरल्या.

"डॉक्टर," जीभ चाचपत राजरत्न म्हणाले, "हे मी बघतो."

२

त्यांनी पहिल्यांदा हेमांगीलाच धरलं. ही तपासणी असते काय?

हेमांगीनं समजावलं. दात आणि हिरडी यांच्यात फट पडते. त्या फटीत कागदाची एक बारीक काडी अर्धा मिनिट ठेवायची, नळीत घालून बंद करायची, वर फॉर्म, आणि कुरियरनं टेंभी नाक्याजवळच्या लॅबला. ते डीएनएवरून जंतू ओळखतात.

"आणि रिपोर्टवरून तुम्ही औषध ठरवता?"

हेमांगीनं हातमोजे काढले. एकेक बोट सावकाश. मग खरं ते बोलली. रिपोर्ट काहीही येवो, बहुतेक पेशंटना पहिली ट्रीटमेंट तीच. मुळापर्यंत सफाई आणि घरी नीट ब्रश.

"मग तपासणी कशाला?"

हेमांगीनं बोट वर केलं. वर म्हणजे देवाकडे नाही, पहिल्या मजल्याकडे. तिथे डॉ. मुकुलचा दवाखाना. दोघं एका बॅचचे. कॉलेजात मुकुलला अर्धा मार्क जास्त मिळालेला, आणि तो अर्धा मार्क हेमांगीच्या डोक्यातून वीस वर्षांत निघालेला नव्हता. गेल्या दिवाळीत मुकुलनं बोर्ड लावला, 'आता हिरड्यांची डीएनए तपासणी'. आठ दिवसांत हेमांगीनं तोच बोर्ड लावला, दीड फूट मोठा.

मग अमृताची पाळी. तिनं दोन्ही नळ्यांवर नावं स्वतः लिहिलेली. फॉर्मही तिनंच भरलेले. मोबाइल नंबर दोन्हींवर सुधीररावांचा, कारण विनिताचा नवरा मस्कतला आणि दोन्ही घरांच्या औषधपाण्याचं सुधीरराव बघतात.

"आणि नावं? मंदाकिनी टिपणीस आणि विनिता टिपणीस, असंच लिहिलंस ना?"

"आधार कार्डावर असतं ते लिहिते मी, काका."

"म्हणजे तेच ना?"

अमृतानं ट्रेमधली हत्यारं एका ओळीत लावली, मग मोडली, मग पुन्हा लावली. "आधार कार्डावर असतं ते," ती परत म्हणाली. "पुढचं विचारू नका. शब्द दिलाय एकीला."

"नोकरी जाईल."

"माहितेय."

३

राजरत्नांना एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती उलटी करून खाली शिक्का बघायचा. खात्यात असताना वजनांवर सरकारी मोहोर बघायची सवय, ती हाडात गेलेली. उडप्याकडे इडलीसकट प्लेट उलटी केल्यापासून शालनबाई, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्यासोबत हॉटेलात जात नसत.

मंगळवारी मंदाकिनीबाईंकडे पोह्यांची स्टीलची डिश आली. पोहे संपताच राजरत्नांनी डिश उलटी केली. मागे टोचून कोरलेली अक्षरं होती: 'कु. सुशीला हिस आत्याकडून, १९७८'.

"सुशीला कोण?"

"कोणास ठाऊक." बाईंनी डिश चटकन काढून घेतली. "लग्नकार्यात बदलून येतात भांडी."

हे खरं होतं. मराठी घरात दुसऱ्याच्या नावाचं एखादं भांडं असतंच. पण राजरत्नांचं लक्ष मांडणीवर गेलं. तशाच डिश तिथे आणखी पाच पालथ्या घातलेल्या होत्या. पाचांवर सुशीला.

मंदाकिनीबाईंचा चेहरा उतरलेला दिसत होता. जंतूंमुळे नव्हे, गोळ्यांमुळे. रविवारीच त्या रिपोर्ट घेऊन डॉ. मुकुलकडे जाऊन आलेल्या. त्यानं रिपोर्ट वाचून दोन जातींच्या अँटिबायोटिक लिहून दिल्या होत्या, आणि तेव्हापासून बाईंचा मुक्काम बाथरूमजवळ होता.

"तोंड बघितलं त्यांनी?" राजरत्नांनी विचारलं.

"रिपोर्ट होता ना. मग तोंड कशाला?"

सुधीरराव पेपरामागून म्हणाले की दोघी जावांचं हे तीस वर्षं चाललंय. एकीनं वॉशिंग मशीन घेतलं की दुसरी घेणार. एकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तर दुसरीनं महिनाभर गुडघा धरलेला. मूळ कशात आहे ते मात्र त्यांना कधी कळलं नाही.

मंदाकिनीबाईंनी दाराच्या भिंगातून समोरच्या फ्लॅटकडे एक डोळा लावला. "तिचे जंतू आहेत," त्या म्हणाल्या. "लिहून देते."

४

समोरच्या फ्लॅटमध्येही भिंगाला डोळा लागलेला असावा, कारण बेल वाजायच्या आत दार उघडलं.

विनिता पंचावन्नची. बोलायला गोड, पण त्या गोडव्यात लिंबू पिळलेलं. रिपोर्ट आला नाही याचं तिला मुळीच दुःख नव्हतं. वाईट असता तर आला असता, असं तिचं तर्कशास्त्र. मोठ्या वहिनींच्या तोंडात निघाले याचं मात्र वाईट वाटलं म्हणाली. म्हणताना हसू दाबायला तिला पदर कमी पडला.

"फूल का पाठवलंत?"

"वहिनींना पिवळं आवडतं. त्यांना सगळं मिळतंच हो. मोठा फ्लॅट, पुढची खुर्ची, अल्बम. आमच्या आधी जे जे होतं ते सगळं त्यांनी घेतलेलंच होतं." ती थांबली. "सगळं म्हणजे सगळं."

तिनं कोकम सरबत पेल्यातून आणलं. राजरत्नांनी ते घाईघाईनं संपवलं आणि पेला उलटा केला. 'एस.एस.सी. पास झाल्याबद्दल कु. मंदाकिनी हिस मामाकडून, १९८५'.

पहिला विचार साधा होता, की थोरलीचा पेला धाकटीनं लंपास केला. पण १९८५ साली थोरली तेवीस वर्षांची असणार. तेविसाव्या वर्षी एस.एस.सी. पास होणारी बाई स्वतःच्या दातांचा एवढा अभिमान धरते?

विनितानं पेला त्यांच्या हातातून ओढून घेतला आणि पदराखाली धरला. देव्हाऱ्यातला देव कोणी उचलावा तशी तिची मुद्रा झाली होती.

"हे वहिनींना सांगू नका," ती म्हणाली, आणि या वेळी आवाजात लिंबू नव्हतं.

५

बुधवारी राजरत्न पुन्हा हेमांगीच्या खुर्चीत बसले. त्यांनी स्वतःच्या डाव्या अक्कलदाढेजवळच्या एकाच फटीत एकाच वेळी तीन काड्या ठेवायला लावल्या. त्या तीन नळ्यांत गेल्या. चौथ्या नळीत पाकिटातली कोरी काडी चिमट्यानं उचलून सरळ घातली. तोंडाला लावलीच नाही.

"हे काय चाललंय?" हेमांगीनं विचारलं.

"आम्ही काटा असाच तपासायचो. तेच वजन तीनदा ठेवायचं. आणि त्याआधी पारडं रिकामं ठेवून बघायचं, शून्य दाखवतो का."

फॉर्मवर चार नावं हवीत. पहिल्या नळीवर त्यांनी स्वतःचं नाव घातलं. दुसरीवर देवराम. हा त्यांच्या हाताखाली शिकलेला ज्युनिअर, जो त्यांच्या डोक्यावरून उडी मारून साहेब झाला. त्याच्या नावावर तरी घाण निघावी ही अगदी खासगी इच्छा. तिसरीवर बायकोचं, शालन. कोऱ्या काडीच्या नळीला नाव सुचेना, म्हणून वडिलांचं लिहिलं: आबा शेजवळ. आबांना जाऊन सव्वीस वर्षं झालेली. जाताना त्यांच्या तोंडात एक दातही नव्हता.

नळ्या घेऊन ते बसनं ठाण्याला गेले. टेंभी नाक्यावर नवरात्राचा मांडव उभा राहत होता. बांबूंच्या जंगलातून वाट काढत ते लॅबच्या जिन्याशी पोचले. काउंटरला अपूर्व नावाचा पोरगेला टेक्निशियन होता. गळ्यात आयकार्ड, कानात एक इअरफोन, दुसरा कान जगासाठी मोकळा. त्यानं चार नळ्या घेतल्या, 'शुक्रवारी व्हॉट्सअॅप' म्हणाला.

राजरत्नांनी हेमांगीची चिठ्ठी पुढे केली. विनिता टिपणीस यांचा रिपोर्ट का आला नाही?

अपूर्वनं कॉम्प्युटरवर शोधलं. "या नावाचं सॅम्पलच नाही आलेलं, काका."

"नाही कसं? गेल्या आठवड्यात दोन नळ्या एकत्र आलेल्या, डोंबिवलीहून."

"दोन आलेल्या, बरोबर. पण दोन्ही एकाच पेशंटच्या ना. मंदाकिनी टिपणीस आणि मंदाकिनी टिपणीस. मोबाइल पण सेम."

राजरत्नांच्या डोक्यात पेला वाजला. पण त्यांनी चेहरा वाण्यासमोर ठेवायचे तसा कोरा ठेवला. "आणि वय? एकावर बासष्ट, एकावर पंचावन्न असेल."

"लेडीज पेशंट," अपूर्व समजुतीनं म्हणाला. "वय कोण बघतं? मी दोन्ही मर्ज मारली. एकीत भरपूर निघाले, दुसरीत काहीच नाही. मग भरलेला रिपोर्ट पाठवला. रिकामा रिपोर्ट बघून पब्लिक डिसअपॉइंट होतं यार."

"एकाच माणसाच्या दोन नळ्या, एक भरलेली, एक रिकामी. तुला विचित्र नाही वाटलं?"

अपूर्वनं दुसरा इअरफोनही काढला. प्रश्न इतका भाबडा होता की त्याला दया आली.

"त्यात काय विचित्र, काका? एकाच पेशंटचे असे वेगळे येतात की. नेहमी येतात."

६

शुक्रवारी दुपारी शालनबाईंनी नवऱ्याच्या मोबाइलवर स्वतःचं नाव वाचलं. 'रुग्ण: शालन शेजवळ, स्त्री. तीन जातींचे जंतू: भरपूर. दातांच्या डॉक्टरांना त्वरित भेटा.'

शालनबाई आयुष्यात कुठल्याही लॅबमध्ये तोंड उघडायला गेलेल्या नव्हत्या. त्यांनी कणकेचा हात न धुता मोबाइल नवऱ्यापुढे धरला. राजरत्नांनी खुलासा केला की जंतू माझे, नाव फक्त तुझं. हा खुलासा लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या बाईला पुरत नाही.

"घाण तुमची आणि नाव माझं," त्या म्हणाल्या. "बायकांच्या नावावर काही पण टाकायचं. नाव म्हणजे काय पिशवी आहे?"

राजरत्न एकदम उठले. मग त्यांनी वही काढली. तारखा लिहिल्या. १९७८, सुशीला. १९८५, मंदाकिनी. 'बायकांच्या नावावर काही पण' हे वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं, आणि बायकोला चहा करून दिला. असं वर्षातून एकदा होई.

बाकीचे रिपोर्ट त्यांनी एकामागून एक उघडले. राजरत्न शेजवळ: मध्यम. देवराम: काही आढळले नाही.

तीच फट, तेच तोंड, तीच वेळ. तरी राजरत्नांच्या छातीत बारीक कळ उठली. इथेही देवराम वर गेला.

मग त्यांनी चौथा उघडला, पारडं रिकामं असलेला. वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. पुरावा म्हणून चारही रिपोर्ट लगेच सुधीररावांना पाठवले आणि फक्त स्वतःकडे ठेवा असं बजावलं. सुधीररावांना असं बजावण्यात त्यांची चूक झाली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

७

शनिवारी अकराला दवाखान्यात सगळे जमले. मंदाकिनीबाई आणि सुधीरराव एका बाकावर, विनिता समोरच्या. डॉ. मुकुल वरून 'सहज' खाली आलेला, हेमांगीची फजिती बघायला. अमृतानं एप्रन घडी करून काउंटरवर ठेवला होता. वर तिचा डबा. तिनं विनिताकडे एकदाही बघितलं नाही.

राजरत्नांनी लॅबमध्ये ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. दोन नळ्या, पण लॅबनं त्या एकाच बाईच्या समजल्या. त्यातला भरलेला रिपोर्ट पाठवला, रिकामा ठेवून दिला.

"एकाच बाईच्या?" मंदाकिनीबाई उठल्या. "का समजल्या? कारण हिनं दोन्हीवर माझं नाव लिहिलं. मी म्हणत होते तेच. काढा हिला."

हेमांगीनं अमृताकडे बघितलं. "अमृता, दोन्हीवर मंदाकिनी लिहिलंस?"

"हो."

"का?"

अमृतानं डबा उचलला. "आधार कार्डावर असतं ते लिहिते मी, मॅडम." आणि ती दाराकडे वळली.

राजरत्नांना उत्तर माहीत होतं. पण ते फक्त विनिताकडे बघत राहिले, काट्याची सुई कुठे थांबते बघावं तसे. दाराची कडी वाजली.

"थांब गं," विनिता म्हणाली. "तिनं बरोबर लिहिलं. माझं नाव मंदाकिनी आहे."

मंदाकिनीबाईंना वाटलं चेष्टा आहे. सुधीरराव मात्र पाठीचा कणा ताणून बसले, बत्तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी हळूहळू आठवल्यासारखे.

विनितानं पर्समधून पेला काढला. आज ती तो घेऊनच आलेली. शाळेत मंदाकिनी, कॉलेजात मंदाकिनी, मामाची मंदा. सासूबाईंनी पत्रिकेतच विनिता छापवलं आणि लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तेच लिहायला लावलं, कारण घरात एक मंदाकिनी आधीच होती. कागदांवर आडनाव बदललं, नाव बदलायचं राहून गेलं, आणि तिनं राहू दिलं. निदान कागदावर तरी. अमृताला आधार कार्ड देताना तिनं शपथ घातलेली, की हे वहिनींसमोर उच्चारायचं नाही. त्या हसल्या असत्या.

"सगळं माझ्या आधी तुम्हाला मिळालं, चाललं," ती म्हणाली. "पण माझं नावसुद्धा?"

अशा वेळी मुकुलला खोकला आला आणि कोणी त्याला पाणी दिलं नाही.

मंदाकिनीबाई सावरल्या त्या वेगळ्याच दिशेनं. "म्हणजे नळ्या दोघींच्या बरोबर. मग भरलेला रिपोर्ट हिचा."

"कशावरून?" विनिताचे डोळे पुसले जायच्या आत चमकले. "तुमचाच असेल."

"माझ्या तोंडात?"

"पण तुमच्याच नावाचा आहे ना."

"तुझंही तेच नाव आहे, आत्ताच म्हणालीस."

नावासाठी बत्तीस वर्षं जळणाऱ्या बाईला आता ते नाव दुसरीकडे ढकलायचं होतं, आणि थोरलीला ते वाटून द्यायला प्रथमच हरकत नव्हती. राजरत्नांनी हात वर केला.

"दोन्ही नोंदी एक केल्यावर भरलेला कोणाचा हे लॅबलाही सांगता येणार नाही. आणि सांगता आलं तरी उपयोग नाही." त्यांनी आपल्या नळ्यांचं सांगितलं. एक फट, तीन काड्या, तीन उत्तरं: मध्यम, भरपूर, काही नाही. "आणि ही चौथी. कोरी काडी, पाकिटातनं सरळ नळीत. वाचतो. रुग्ण आबा शेजवळ. जंतू: थोडे. सल्ला: दोन वेळा ब्रश करावा."

"आबा कसे आहेत आता?" सुधीररावांनी हळूच विचारलं. "कॅनडाहून विचारतायत. ग्रुपवर गेला तो रिपोर्ट. चुकून."

"आबा गेले सव्वीस वर्षांपूर्वी."

"अरेरे," सुधीरराव म्हणाले. "तिकडे एकोणीस जणांनी गेट वेल सून टाकलंय."

मुकुलनं घसा साफ करून सांगितलं की चार नळ्यांवरून शास्त्र मोडीत निघत नाही, दुसऱ्या लॅबचे रिपोर्ट चोख असतील. राजरत्नांनी मान डोलावली. असतीलही. पण तपासल्याशिवाय आपण वाण्याचाही काटा मानत नाही, आणि इथे तर कागदावर दोन जातींच्या गोळ्या दिल्या, तोंड उघडायला न लावता. मंदाकिनीबाईंनी मुकुलकडे बघितलं. चार दिवस बाथरूमजवळ काढलेल्या माणसाची ती नजर होती. मुकुल जिन्यानं वर गेला, दोन-दोन पायऱ्या घेत.

हेमांगीनं फट मोजायची बोथट सळई उचलली. मिलिमीटरच्या खुणा असलेली, कॉलेजात पहिल्या वर्षी देतात ती. "हे मी त्या मंगळवारीच करायला हवं होतं," ती म्हणाली. "बोर्डाच्या नादात राहिलं."

आधी थोरली बसली, मग धाकटी. अमृतानं एप्रन परत घातला आणि आकडे लिहून घेतले. दोघींच्या खालच्या डाव्या दाढेशी फट पाच मिलिमीटर, तीनपर्यंत चालते. दोघींचं रक्त आलं. तीनदा ब्रश करणारीचंही, कारण ती दाढेच्या मागे कधी पोचतच नव्हती. पुढचे फोटोतले दात तेवढे घासत होती.

"पाच आणि पाच?" मंदाकिनीबाईंनी खात्री केली. "हिची साडेपाच नाही ना?"

नाही. बरोबरी. दोघी सारख्याच नाराज झाल्या. मग मंदाकिनीबाई अमृतासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ तिच्या एप्रनच्या खिशाकडे बघत म्हणाल्या, "तू शब्द पाळलास. मी उगाच बोलले." एवढं बोलताना त्यांना इंजेक्शनपेक्षा जास्त दुखलं.

राजरत्न चप्पल घालता घालता वळले. "एक राहिलंच, बाई. तुमच्याकडे सुशीलाच्या डिश सहा आहेत. बदलून एखादी येते, सहा येत नाहीत."

मंदाकिनीबाई बाकावर बसल्या. त्यांचे ते प्रसिद्ध दात ओठांमागे गेले.

"मी सुशीला," त्या म्हणाल्या. "सासूबाईंना जुनाट वाटलं. मंदाकिनी त्यांनी लिहायला लावलं. मला कोणी विचारलंच नव्हतं गं."

विनिता त्यांच्याकडे बघत राहिली. बत्तीस वर्षं जिच्यावर जळली, तिला ते नाव नकोच होतं, हा केवढा मोठा अपमान.

आठ दिवसांनी सफाईची पहिली तारीख होती. बाहेरचा डीएनएचा बोर्ड उतरवलेला, त्या जागी भिंतीवर चौकोनी पांढरा डाग. बाकावर दोघी जावा, मध्ये एक पर्स ठेवून. आतलं दार उघडलं आणि अमृतानं कार्ड वाचलं.

"मंदाकिनी टिपणीस, आत या."

दोघी उठल्या.

क्षणभर दोघी तशाच उभ्या. मग थोरलीनं पदर सारखा केला आणि परत बसली.

"जा, तुझं नाव घेतलंय," ती म्हणाली. आणि धाकटी दारात पोचते न पोचते तोच, "पण दार उघडं ठेव गं अमृता. आकडा मला ऐकू आला पाहिजे."